खाली राहिलेला हात

पास्टरजी,

तुमचे पुस्तक निघत आहे आणि ते मी टाइप करतो आहे. तुम्हाला याचा आनंद झाला असता, म्हणून ते आधी सांगितले. पुढे आनंद होण्यासारखे फारसे नाही. मंगरूळपीरला तहसीलसमोर टायपिंगचे एक दुकान आहे, तिथे मी कामाला आहे. फेरफाराचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, तेरवीची कार्डे माझ्या हातून जातात. शाळा अर्धवट सुटलेला पोरगा इतके शुद्ध कसे लिहितो असे लोक विचारतात. मी उत्तर देत नाही, कारण ते उत्तर तुम्ही आहात. शाळा सुटली तेव्हा तुम्ही आमच्या ओसरीत बसून मला मोठ्याने वाचायला लावत होतात. एक काना चुकला तरी माझे बोट धरून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेत होतात. चेनच्या काळ्या कव्हरचे बायबल तुम्हीच दिले. माझ्या आधी कुणी वापरलेली नव्हती अशी माझी ती पहिली वस्तू. बाकी काहीही केले असते तरी चालले असते, पण मला वाचायला शिकवले, ही तुमची चूक झाली.

मागच्या आठवड्यात काकू, तुमच्या घरच्या, दुकानात आल्या. तुम्ही गेल्यापासून त्या फार वाळल्या आहेत, चालताना एका बाजूला झुकतात. किराण्याच्या पिशवीतून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला. तुमची जुनी प्रवचने मोबाइलवर ऐकून ऐकून त्यांनी ती उतरवून काढली आहेत.

"बाबू, हे त्यायचं सारं प्रार्थनेवरचं बोलणं हाये," त्या म्हणाल्या. "पुस्तक काढाचं हाये. त्यायच्या बोलण्यातला एक शब्द बदलू नोको."

मी कागद चाळू लागलो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"चवथ्या धड्यात तुह्या मायचं हाये. पन नाव नाही टाकलं रे. एका घरात एक बाई होती, असंच हाये."

"आन् माह्यं?"

"तुयंबी नाव नाही. एक हात खाली होता, एवढंच हाये."

दुकानाचे मालक पलीकडे चहा पीत होते. त्यांना माझ्या चेहऱ्यावर काय दिसले कोण जाणे, ते हसून म्हणाले, "टाइप कर ना बे. आपून पानाचे पैसे घेतो, अर्थाचे घेत नाही." काकू हसल्या नाहीत. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "हे पुस्तक निंघालं का लोकं मले टोचून बोलनं बंद करतीन बाबू." लोक त्यांना काय बोलतात ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नसेल, पुढे सांगतो.

तर माझी अडचण अशी आहे. तुमचे पुस्तक टाइप केले नाही तर त्या बाईचा एकुलता एक आधार जातो. केले, तर माझी माय माझ्या शंकेने मेली हे मी माझ्याच बोटांनी छापून गावोगाव पाठवतो. मी काकूंना एकच विचारले. तुम्ही बोलताना नुसते अध्याय आणि ओळ सांगून पुढे जात होतात, तिथे खाली वचने पूर्ण टाकू का, मागच्या-पुढच्या ओळीसकट? त्या म्हणाल्या, "टाक ना. देवाचंच तर हाये." तेवढ्यावर मी काम घेतले.

माझी माय तुम्हाला बाजारात भेटली. वडील मी पाळण्यात असतानाच गेले होते आणि आमचे घर गावाबाहेरच्या एका तुकड्यातल्या वांग्यांवर आणि मेथीवर चालत होते. आठवडी बाजारात ती खोकली की गिऱ्हाईक मेथीची जुडी खाली ठेवून पुढच्या पालाकडे सरकायचे. ते सरकणे तिला खोकल्यापेक्षा जास्त लागायचे. सरकारी दवाखान्यात टीबी निघाला, फुकट गोळ्या सुरू झाल्या, आणि पावसाळा संपेपर्यंत तिच्या अंगावर थोडे मांसही धरले. नेमके तेव्हा तुम्ही आलात. शिकवणे काय होते ते मला पाठ आहे, परवा टाइपही केले. मागितलेले मिळालेच आहे असे धरायचे. मिळाले असेल तर साक्ष आजच द्यायची, कारण बरे झाल्यावर साक्ष कोणीही देतो, त्यात विश्वास कसला? म्हणून माय सभेच्या पत्र्याच्या शेडमध्ये खांब धरून उभी राहिली आणि म्हणाली, "प्रभूनं मले पूर्ण बरं केलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

गोळ्या बंद करा असे तुम्ही म्हणाला नाहीत. मी नीट आठवून पाहिले आहे, तुमच्यावर खोटा आळ घालायचा नाही. आमच्या चुलीजवळ पाटावर बसून, चहाची बशी हातात घेऊन, तुम्ही एवढेच विचारलेत, "बरं झालेलं मानूस गोळ्या कायले खाते बाई?" माय ओशाळून हसली. तुम्ही गेल्यावर तिने सगळी पाकिटे चुलीत घातली. प्लास्टिक जळाल्याचा वास त्या दिवशीच्या भाकरीला लागला होता. दवाखान्याची आशाताई गोळ्यांचे विचारायला आली तेव्हा माय दारातच उभी राहून म्हणाली, "मी बरी झाली, तू जाय." तिला आत येऊ दिले नाही.

खोकला परत आला. पण आता तो खोकला नव्हता, ती सैतानाची खोटी खूण होती, आणि तिला नाव द्यायचे नव्हते. "तोंडातून बिमारी काढू नका," हे तुमचे वाक्य आमच्या घरात मिठासारखे रोजचे झाले. खोकल्याची उबळ आली की माय गुळाचा खडा तोंडात धरायची, पदराचा बोळा करून दातात दाबायची, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना मान हलवून मला सांगायची की काही नाही. एकदाचे आठवते, मी तिला भाकऱ्या थापताना पाहतो आहे. ती मध्येच थांबते, चुलीच्या राखेत थुंकते आणि फुकणीने त्यावर राख ओढते. मी विचारतो, "माय, दुखते काय?" ती माझ्या तोंडावर पिठाचा हात मारते. "चूप बस. तुया असल्या बोलण्यानंच माह्यं बरं होनं वापस चाललं जाते." तुम्ही नंतर जे सगळ्यांसमोर म्हणालात, ते तिने मला त्या चुलीपुढे आधीच ऐकवून ठेवले होते, तुमच्याच शब्दांत.

या शिकवणुकीच्या खाली तुम्ही नीतिसूत्रांतली जिभेची ओळ दिली आहे, मरण आणि जीवन जिभेच्या हाती असल्याची. मी ती ओळ नीट टाकली. मग मी तुमच्याच बायबलात शोधले की ज्यांना दुखत होते त्यांनी काय केले. पास्टरजी, अर्धी स्तोत्रे कण्हण्याचीच आहेत. हाडे दुखतात, अंथरूण आसवांनी भिजते, डोळे खोल गेले, हे सगळे तोंडातून काढले आहे आणि ते प्रार्थना म्हणून छापले आहे. ज्या प्रभूच्या नावाने तुम्ही माझ्या मायचे तोंड बंद केले, त्याने स्वतः शिपायांनी धरून न्यायच्या आधी बागेत आपल्या माणसांना सांगितले की माझा जीव मरणाला टेकला आहे. मग जमिनीवर पडून हा प्याला टाळ असे मागितले. प्याला टळला नाही. त्याच्या मनात शंका होती का? तुम्ही तिथे असता तर त्याला काय म्हणाला असता, हा विचार मी पुष्कळदा करतो. बहुतेक म्हणाला असता, तोंडातून मरण काढू नका.

मग ती उपासप्रार्थना. आमच्याच घरी, कारण रोग आमच्याच घरी होता. दहा-बारा माणसे दाटीवाटीने बसली होती आणि माय भिंतीला टेकली होती, तिला बसवत नव्हते. तुम्ही प्रार्थना मध्येच थांबवून डोळे उघडलेत. "या घरात शंका हाये. काहीतरी अडून राह्यलं. ज्याचा पूर्ण विश्वास हाये का ही बाई आता, या घडीले बरी हाये, त्यानं हात वर करावा." सगळे हात वर गेले. मायचाही गेला, तुरीच्या वाळल्या काडीसारखा. माझा गेला नाही. मी त्या वेळी चौदा वर्षांचा होतो आणि 'पूर्ण' या शब्दाची मला भीती वाटली. थोडा विश्वास आहे का विचारले असते तर मी दोन्ही हात वर केले असते. पण पूर्ण म्हणजे पूर्ण, आणि माय माझ्यासमोर धापा टाकत होती.

"काहून रे, तुया हात काहून खाली?"

"मले पक्कं मालूम नाही जी."

कोणीतरी हसले. मागच्या एका म्हातारीने म्हटले, "बापासारखाच निंघाला, अर्धवट." तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याकडे इतक्या शांतपणे पाहिलेत की मला वाटले आता जवळ घेणार. तुम्ही म्हणालात, "याले बाहेर बसवा."

हे आमच्या घराला नवीन नव्हते. तुमच्या आधी माय एका भगताकडे जात होती. तोही दाणे टाकून विचारायचा की घरात कोणी पथ्य मोडले, कोण विटाळात शिवले, कुणामुळे अडले. तुम्ही तिला भगत सोडायला लावलात, दोरा कापून चुलीत टाकायला लावलात. त्याचा प्रश्न मात्र तुम्ही ठेवून घेतलात. आम्ही तो ओळखला नाही, कारण तो आमच्या सवयीचाच होता. जे घर शेकडो वर्षे कोणामुळे अडले हे विचारत आले, त्याला तुमचे शिकवणे फार चटकन समजले. तुम्हाला वाटले तो पवित्र आत्म्याचा प्रभाव.

मायला आमच्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधालगत पुरले. भाऊबंद लांब, बाभळीपाशी उभे राहिले, खड्ड्याजवळ आले नाहीत. तुम्ही याकोबाच्या पत्रातले वाचलेत. शंका धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो, आपल्याला देवाकडून काही मिळेल असे त्याने समजू नये. मग पुस्तक मिटून म्हणालात, "त्या दिवशी एक हात खाली होता. मी नाव घेत नाही." नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळी तोंडे माझ्याकडे वळली. मी मूठभर माती उचलली होती, त्या म्हातारीने माझे मनगट धरून मूठ उघडली. "तू नोको टाकू." मी टाकली नाही. माझ्या मायवर माझी माती नाही, पास्टरजी.

ती याकोबाची ओळ मी परवा तुमच्या पुस्तकात टाकली आणि ठरल्याप्रमाणे तिच्या आधीची ओळही टाकली. आधीच्या ओळीत काय मागायचे ते लिहिले आहे. शहाणपण. कुणाला शहाणपण कमी पडत असेल तर त्याने ते मागावे, आणि मागताना शंका धरू नये. टीबीचे तिथे नाव नाही. आणि तेही जाऊ द्या. तिथे लिहिले आहे की शंका धरणाऱ्याला मिळणार नाही. त्या माणसाला. त्याच्या मायला मिळणार नाही असे कुठे आहे? माझ्या शंकेबद्दल मला काही मिळायचे नसेल तर नसो. तिच्या ताटातले तुम्ही कोणत्या ओळीने ओढून घेतलेत? मी सगळे पत्र वाचले. पुढे आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे आणि त्यांनी विश्वासाने प्रार्थना करावी असे आहे. ती ओळही मी टाकली आहे, सोडलेली नाही. पण तिथे विश्वास प्रार्थना करणाऱ्यांकडून मागितला आहे. म्हणजे तुमच्याकडून. उंबऱ्याबाहेर बसवलेल्या पोराकडून नाही.

पुढे काही वर्षांनी तुमचा पाय सडला. साखर होती, चप्पल लागली, जखम वाढत गेली. तुमच्याबद्दल एक गोष्ट मला मान्य करावी लागते. तुम्ही ढोंगी नव्हतात. लपून इंजेक्शन घेत असतात तर मला किती सोपे झाले असते. तुम्हीही आगाऊ साक्ष दिलीत आणि खाटेवर पडून राहिलात. काकूंनी वाचून दाखवायला मला बोलावले, न अडखळता वाचणारे दुसरे कोणी नव्हते. मी आलो. मी मामांकडे केनवडला राहत होतो, तरी एसटीने आलो. खोलीत फिनेल शिंपडले होते आणि फिनेलच्या वर तो वास होता. चादरीवर माश्या बसत होत्या आणि काकू वर्तमानपत्राने वारा घालत होत्या. तुमच्या कपाळाची शीर टचटच उडत होती.

"दुखते काय जी?" मी विचारले.

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. दात इतके आवळलेले की गालाचे हाड वर आले. "नाही," तुम्ही म्हणालात.

मी पुन्हा विचारले नाही. मला ते एक 'नाही' पुरे होते. ते मी घेऊन गेलो आणि बरीच वर्षे पुरवून वापरले. त्या दिवशी तुम्ही मला बरे करण्याचीच वचने वाचायला लावलीत. बायबलातल्या पौलाच्या अंगात दुखण्याचा काटा होता, त्याने तो काढून टाक म्हणून तीनदा मागितले आणि उत्तर मिळाले की माझी कृपा तुला पुरे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी ते वाचले असते का? तुम्हाला उसासा टाकायची मोकळीक मिळाली असती. तुम्ही रडू शकला असता, आई गं म्हणू शकला असता. मला वाटत नाही की मी वाचले असते.

तुमच्या मातीला बाहेरगावचे मोठे पास्टर आले. त्यांनी तुमच्यासारखेच डोळे उघडले आणि म्हटले, एवढा विश्वासाचा माणूस का जातो? घरातच कुठेतरी भेग असते. या वेळी तोंडे काकूंकडे वळली. त्या वारा घालून घालून थकल्या होत्या, हातात अजून ते वर्तमानपत्र होते. तेव्हापासून तुम्ही त्यांच्याच शंकेने गेलात असे लोक बोलतात, आणि सभेत त्यांच्या शेजारी कोणी बसत नाही. तुमच्या शिकवणुकीला माणूस लागतो, पास्टरजी. आजारी मेला की तिला जिवंत माणूस लागतो. पहिल्यांदा तुम्ही मला तिच्या तोंडी दिलेत, मग तिने तुमच्या बायकोकडे तोंड वळवले. आणि ती बाई तुमचे पुस्तक छापून घेते आहे, म्हणजे तिची शंका नव्हती हे सिद्ध होईल.

चौथा धडा मी काल टाइप केला. बाई, घर, हात, मरण. एक शब्द बदलला नाही. काकूंच्या 'उ'कार-'इ'काराच्या चुका तेवढ्या दुरुस्त केल्या. त्या धड्याखाली तुम्ही मार्कच्या सहाव्या अध्यायाचा आधार दिला होता. स्वतःच्या गावात प्रभूला लोकांच्या अविश्वासामुळे काही चमत्कार करता आला नाही, ती ओळ. ही ओळ मी लहानपणापासून टाळत आलो. हीच एक ओळ खरोखर माझ्याविरुद्ध आहे असे मला वाटायचे, म्हणून मी कधी तो अध्याय उघडलाच नाही. काल उघडावा लागला. पास्टरजी, ते वाक्य तुम्ही म्हणायचात तिथे संपतच नाही. तिथे लिहिले आहे की थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरे केले, एवढे सोडून. सगळे गाव. सगळ्या गावाचे हात खाली होते, आणि तरी त्या गावातले काही आजारी उठून घरी गेले.

मी खुर्चीवर बसून राहिलो. मालकांनी विचारले, "काय रे, लाइट गेली काय?" लाइट होती. मला वाटले होते की हे ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी अंगावरून काहीतरी उतरेल. उतरले, पण खाली जे होते ते चांगले नव्हते. इतकी वर्षे मी मायला मारणारा होतो, म्हणजे निदान तिला वाचवू शकला असता असा कोणीतरी होतो. आता मी नुसता एक पोरगा आहे, ज्याच्या मायच्या गोळ्या चुलीत जळाल्या आणि जो तेव्हा वास येतो म्हणून नाक धरून भाकर खात होता.

ती ओळ मी पूर्ण टाकली आहे. तुमच्या पुस्तकात, तुमच्या फोटोमागे, तुमच्या चौथ्या धड्याच्या खाली. वाचणारा वाचेल. काकूंनाही वाचून दाखवणार आहे, सावकाश, शेजारी बसून. त्यांना तिचा उपयोग आहे.

आज रविवार, दुकान बंद आहे, किल्ली माझ्याकडे असते म्हणून मी एकटा बसून हे हाताने लिहितो आहे. पुस्तकातले एकच पान राहिले आहे, पहिले. तिथे तुमचे सगळ्यांत आवडते वचन आहे, मार्क अकरा, चोवीस, ज्यावर तुमचे सगळे शिकवणे उभे आहे. जे काही मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा. त्याच्या आधीची ओळ मी टाकली, डोंगराची. पुढची टाकायची आहे. ती तुम्ही एकदाही आमच्याकडून वाचून घेतली नाहीत. प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर त्याची क्षमा करा, असे तिथे आहे.

सकाळपासून ते पान उघडे आहे आणि मी ती ओळ टाकलेली नाही. उद्या काकू येतील तेव्हा बहुतेक टाकलेली असेल, त्यांना तसे कबूल केले आहे. पण तुमच्याविरुद्ध माझ्या मनात आहे, पास्टरजी, आणि मला ते ठेवायचे आहे.